तिसऱ्या प्रतीपर्यंत

इचलकरंजीतून ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाची गाडी राजस्थानात पालीला किंवा बालोतऱ्याला निघते तेव्हा कापडाबरोबर कागदही निघतो. आमची बिल्टी, म्हणजे मालवाहतुकीची पावती, तीन प्रतींची. पांढरी माल पाठवणाऱ्या पार्टीला, गुलाबी ड्रायव्हरबरोबर, पिवळी आमच्या फाइलला. पार्टीच्या बीजकाचंही तेच. जीएसटीचा ४८ वा नियम मालाच्या बीजकाच्या तीन प्रती करायला सांगतो: मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विकणाऱ्याकडे. काही महिन्यांनी तागे कमी भरले म्हणून तक्रार आली की बाहेर काढायची ती पिवळी. तिच्यावरचा आकडा वाचता आला नाही तर बोलणंच खुंटतं.

मी एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात बुकिंग आणि हिशेब पाहतो. मधली काही वर्षं आम्ही लेसर प्रिंटर वापरला. छपाई सुरेख, आवाज नाही. पण लेसर कागदावर दाब देत नाही, त्यामुळे तीन प्रती म्हणजे तीन वेगळ्या प्रिंट. गाडी भरताना दोन तागे कमी झाले, हमालांनी सांगितलं, आणि दुरुस्ती हाताने एकाच प्रतीवर झाली, की तिन्ही कागद तीन गोष्टी सांगू लागतात. ड्रायव्हरची सहीही तीनदा घ्यायची. कार्बनलेस कागदाच्या संचावर एकदा छापलं, एकदा दुरुस्त केलं, एकदा सही घेतली, की खालच्या दोन्ही प्रतींत ते जसंच्या तसं उतरतं. कारण वरच्या कागदाच्या पाठीला रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो आणि त्या दाबाने फुटतात. दाब पाहिजेच. म्हणून आमच्या शेठजींना माळ्यावरच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची आठवण झाली, जो रिबनवर पिना ठोकून ठिपक्याठिपक्यांनी अक्षर छापतो. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतलं बरंच सामान गेलं, पण माळ्यावरचं हे मशीन कोरडं राहिलं होतं.

मशीन एप्सनचं एलएक्स-८००. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ते विप्रोच्या नावानेही विकलं जायचं आणि बँका, पेढ्या, अडत दुकानं सगळीकडे त्याची करकर ऐकू यायची. ९ पिनांचं हेड, इंचाला १० अक्षरांच्या मापात ८० अक्षरांची ओळ. ड्राफ्टमध्ये, इंचाला १२ अक्षरांच्या मापात, सेकंदाला १८० अक्षरं असा त्याचा वेग. आजच्या मानाने हे काहीच नाही, पण बिल्टीला याहून जास्त लागतही नाही.

खाली उतरवल्यावर पहिलं काम साफसफाईचं, आणि इचलकरंजीत साफसफाई म्हणजे तूस. या गावात मागाचा आवाज नाही अशी गल्ली शोधावी लागेल, आणि माग आहे तिथे हवेत सुताचं तूस आहे. आमच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडेच कारखाना. प्रिंटरचं झाकण काढलं तेव्हा आत करड्या रंगाचा लोकरीचा थर होता. हेड ज्या गोल दांड्यावरून डावी-उजवीकडे पळतं त्या दांड्यावर कधीकाळी कुणीतरी भरपूर तेल सोडलं होतं. तेलात तूस बसून त्याचा चिवट लगदा झाला होता. प्लग काढलेला असताना हेड बोटाने सरकवून पाहिलं तर ते अडत अडत जायचं. अशा स्थितीत मशीन चालू केलं तर मोटरचे टप्पे चुकतात आणि तक्त्याच्या उभ्या रेघा ओळीगणिक डावी-उजवीकडे सरकतात.

कारखान्यातली हवेची नळी आणून एक फवारा मारावा असं सगळेच सुचवतात. मला ते पटत नाही. जोराच्या हवेने तूस बाहेर येण्याऐवजी गिअरच्या दातांत आणि कागदाच्या सेन्सरमध्ये खोल जाऊन बसतं. मी रंगाचा मऊ ब्रश घेतला आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी धरली. ब्रशने सैल करायचं, नळीने ओढून घ्यायचं. दांडा कोरड्या सुती फडक्याने तळापासून पुसून काढला आणि मग शिलाई मशीनच्या तेलाचा नुसता हात फिरवला. बोट लावलं तर ओशट लागावं, थेंब दिसता कामा नये. कागद ज्यावर टेकतो तो काळा रबरी रोलर ओल्या फडक्याने पुसला. रोलरला आणि प्लॅस्टिकच्या कवचाला थिनर किंवा स्पिरिट लावायचं नाही. रबर कडक होतं आणि मग कागद घसरू लागतो. कागद लावलेला असूनही कागद संपल्याचा दिवा लागत होता, तेही तुसाचंच काम निघालं. सेन्सरपाशी अडकलेला बोळा चिमट्याने काढल्यावर दिवा विझला.

या मशीनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की त्याची तपासणी करायला कॉम्प्युटर लागत नाही. लाइन फीडचं बटण दाबून धरायचं आणि पॉवर चालू करायची. हेड डावीकडे जाऊन आपली जागा शोधतं आणि मग त्याला येणारी सगळी अक्षरं ओळीमागून ओळ छापत सुटतं. फॉर्म फीडचं बटण दाबून धरलं तर तीच तपासणी सुबक अक्षरात होते. त्यात प्रत्येक ओळ दोनदा छापली जाते, मध्ये कागद केसभर सरकतो आणि दुसऱ्या फेरीचे ठिपके पहिल्या फेरीच्या फटींत पडतात. दोन्ही बटणं एकदम दाबून धरली तर मशीन तिसऱ्याच पद्धतीत जातं: कॉम्प्युटरकडून आलेला प्रत्येक बाइट तो जसा आला तसा आकड्यांत छापून दाखवतं. चूक प्रोग्रॅमची की मशीनची, हा वाद त्या एका पानाने मिटतो.

पहिली तपासणी छापली आणि तिथेच खरं दुखणं दिसलं. सगळ्या ओळींत, सगळ्या अक्षरांच्या बरोबर मधोमध एक बारीक पांढरी रेघ. मोठ्या ए चा आडवा दांडा अर्धवट, ई चा मधला हात गायब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंग्रजी आठ. ड्राफ्टमधली मोठी अक्षरं आणि आकडे वरच्या ७ पिना काढतात. आठच्या कमरेची आडवी रेघ एकटी चौथी पिन काढते. ती पिन मुकी झाली की आठचं शून्य होतं. ८८ ताग्यांच्या बिल्टीवर पिवळ्या प्रतीत काय वाचलं जाईल याचा विचार करा. म्हणून शून्याला तिरपी रेघ देणारा डिप स्विच, म्हणजे मशीनवरचा बारीकसा खटका, मी त्याच वेळी चालू केला, आणि तो आजही चालूच आहे. आता रेघ नसलेलं शून्य दिसलं की ते शून्य नाही, हे पोराटोरांनाही कळतं.

खालच्या दोन पिनांचं काम वेगळं आहे. लहान लिपीतल्या जी, पी, वाय यांच्या शेपट्या त्या काढतात, आणि नववी पिन अधोरेखनही करते. त्या बिघडल्या तर आकडे धडधाकट दिसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे तपासणीचं पान पाहताना मी आधी आठ पाहतो, मग वाय.

आता पांढरी रेघ का येते? कारणं चार, आणि ती क्रमाने तपासायची. रिबन घडी पडून त्या उंचीला कोरी राहिली असेल. हेडकडे जाणारी चपटी केबल आतून तुटली असेल. पिनेची कॉइल जळली असेल. किंवा पिनच अडकली वा मोडली असेल.

रिबनची शंका दूर करायला एक सोपा उपाय आहे, जो मला कोल्हापूरच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांनी सांगितला. रिबन काढून ठेवायची, तीन प्रतींचा कार्बनलेस संच लावायचा आणि तपासणी थोडा वेळ चालवायची. वरचा पांढरा कागद कोरा राहतो, त्यावर नुसते टोचे दिसतात. खालच्या गुलाबी आणि पिवळ्या कागदावर मात्र अक्षरं उमटतात, तीही रिबनच्या मदतीवाचून. माझ्या गुलाबी प्रतीतही पांढरी रेघ होतीच. म्हणजे रिबन निर्दोष.

केबलचा दोष असेल तर रेघ कायम राहत नाही. हेड डाव्या बाजूला असताना छापतं आणि उजवीकडे गेलं की सोडतं, कारण केबल वाकण्याच्या जागी उघडझाप होते. माझी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी होती. तरी केबल काढून मल्टिमीटरने टोक ते टोक पाहिली. मग हेड पाहिलं. छपाईनंतर लगेच हेडला हात लावू नये, चांगलाच चटका बसतो; मागच्या बाजूच्या काळ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्याची उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असतात. गार झाल्यावर काढलं आणि नऊही कॉइलचा रोध मोजला. इथे नेमका आकडा महत्त्वाचा नाही, नऊ जणींचं एकमत महत्त्वाचं. एखादी उघडी निघाली तर ती जळालेली. माझ्या नऊही जुळल्या.

काकांनी याच टप्प्यावर एक गोष्ट बजावली होती. कॉइल जळालेली निघाली तर लगेच नवं हेड लावायचं नाही. त्या पिनेला वीज देणारा बोर्डावरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यामुळेच बहुतेक वेळा कॉइल जळते. तो न बदलता नवं हेड लावलं की त्याचीही तीच कॉइल काही क्षणांत जाते. मिळायला अवघड झालेलं हेड असं घालवण्याइतकं दुःख नाही.

माझ्या बाबतीत उरली ती पिन. हेडच्या आत नऊ पोलादी तारा मागे छत्रीच्या काड्यांप्रमाणे गोलाकार पसरलेल्या असतात आणि पुढे येता येता एका उभ्या रांगेत जमतात. प्रत्येकीच्या मागे एक विद्युतचुंबक. वीज मिळाली की तो छोटी पट्टी ओढतो, पट्टी तारेला पुढे ठोकते, तार रिबनवर आदळते आणि स्प्रिंग तिला मागे आणते. तारेची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आतबाहेर. इतक्या बारीक तारेला वाळलेल्या शाईचं किटण पुरे होतं.

ते किटण बघायला आम्ही पिक ग्लास वापरली. कापडाच्या गावात ही वस्तू हाताशी असतेच: एक इंची चौकटीचं घडीचं भिंग, इंचात आडवे धागे, म्हणजे पिक, किती बसलेत ते मोजायला. शेजारच्या कारखान्यातले जॉबर मामा, म्हणजे मागांची दुरुस्ती पाहणारे, चहाला आले होते, त्यांच्या खिशातून ती निघाली. हेडचं नाक भिंगाखाली धरलं तर नऊ टोकं एकाखाली एक दिसली. आठ चकचकत होती. वरून चौथी आत दबलेली, आणि तिच्या भोकाभोवती काळं नव्हे, जांभळट किटण. मामांनी भिंगातून बघून लगेच विचारलं, "ही शिक्क्याच्या पॅडची शाई काय हो?" तीच होती. रिबन सुकली की तिच्यावर स्टॅम्प पॅडची शाई सोडायची पद्धत एके काळी बऱ्याच ऑफिसांत होती. रिबनच्या शाईत तेल असतं आणि ते तेल छपाई चालू असताना पिनांना वंगण देत राहतं. शिक्क्याची शाई पाण्याची. ती वाळते, चिकटते, वर पोलादाला गंजवते.

बाटलीच्या झाकणात आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि हेडचं नाक फक्त टोकापुरतं बुडेल असं रात्रभर उभं ठेवलं. सकाळी ते घडी केलेल्या मलमलीवर टेकवलं. कापडावर जांभळा ठसा उमटला, आणि मध्ये नऊ गडद ठिपके. पुन्हा नवं अल्कोहोल, पुन्हा टेकवणं, ठसा फिका होईपर्यंत. सुईने किंवा फणीच्या हुकाने पिन बाहेर ओढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण पिन वाकली की तिचं भोक तिला पुन्हा घेत नाही. नाक पूर्ण वाळल्यावर बारीक मशीन तेलाचा एक थेंब दिला, जादाचं टिपून घेतलं, हेड बसवलं आणि लाइन फीड दाबून पॉवर दिली. पहिल्या दोन ओळींत चौथी पिन अडखळली. तिसऱ्या ओळीपासून आठला कंबर आली. मामांनी त्या पानावर पुन्हा पिक ग्लास ठेवली आणि ठिपके मोजू लागले. उभ्या इंचाला ७२ ठिपके हे हेडचं माप मी सांगितलं, तर म्हणाले, "मग पिक चांगली लागलीत की!"

रिबनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हेडचं आयुष्य तीच ठरवते. नायलॉनची अर्ध्या इंचाची पट्टी, दोन टोकं जोडून अखंड वेढा केलेली आणि कार्ट्रिजमध्ये दाटीवाटीने भरलेली. पुष्कळ कार्ट्रिजमध्ये जोडण्याआधी पट्टीला अर्धा पीळ दिलेला असतो. गणितातली मोबियसची पट्टी हीच. पिना पट्टीच्या वरच्या अर्ध्या भागावर आदळतात. पीळ असला की पुढच्या फेरीला खालचा अर्धा भाग वर येतो आणि पूर्ण रुंदी वापरली जाते. रिफिल भरणाऱ्याने तो पीळ दिला नाही तर रिबन निम्म्या वेळात फिकी पडते आणि गिऱ्हाईक शाईला दोष देतं.

रिफिल घेताना मी आधी जोड पाहतो. जोड वितळवून सपाट केलेला असावा, बोटाला लागू नये. जाड जोड हेडसमोर आला की पिन त्यात अडकते, हेड मात्र पळतच असतं, आणि पिन मोडते. भोक पडलेली रिबनही तशीच घातक. "अजून छापतीय की" म्हणत फाटकी रिबन ओढत राहणं हा सगळ्यात महागडा काटकसरीपणा आहे. रिबनची किंमत हेडच्या किमतीपुढे किरकोळ आहे. नवी रिबन बसवल्यावर कार्ट्रिजच्या खुंटीने ती बाणाच्या दिशेने ताणून घ्यायची, आणि हेड हाताने दोन्ही टोकांना नेऊन रिबन कुठे दुमडत नाही ना ते पाहायचं.

यानंतर कागद. आपल्याकडे बिल्टी-बीजकाचा कागद मिळतो तो १० बाय १२: दहा इंच रुंद, बारा इंच लांब, दोन्ही कडांना अर्ध्या इंचावर भोकं. प्रिंटरच्या डोक्यात मात्र ११ इंची पान असू शकतं. इंचाला ६ ओळी धरल्या तर ११ इंचांत ६६ आणि १२ इंचांत ७२. हा फरक मिटवला नाही तर पहिली बिल्टी चौकटीत बसते, दुसरी एक इंच वर चढते, तिसरी दोन इंच. छापील फॉर्मवर तर गाडी नंबराच्या जागी पार्टीचं नाव जातं. पानाची लांबी ठरवणारा डिप स्विच १२ वर केला. शिवाय प्रत्येक बिल्टीच्या सुरुवातीला प्रोग्रॅमकडून प्रिंटरला आकड्यांच्या रूपात दोन आज्ञा जातात: २७, ६४ म्हणजे मागचं सगळं विसर, आणि २७, ६७, ७२ म्हणजे पान ७२ ओळींचं. डिप स्विच मशीन चालू होतानाच वाचले जातात, त्यामुळे ते बदलायचे मशीन बंद असताना.

कागद भोकांतून ओढला जात असेल तेव्हा रोलरची पकड सैल करणारी बाजूची खिट्टी आठवणीने सोडवायची. दोघांनी एकदम ओढलं तर भोकं फाटतात आणि कागद तिरका चढतो. पावसाळ्यात हे जास्त होतं, कागद ओल धरून लुळा पडतो. जून ते सप्टेंबर मी कागदाचा उघडा बॉक्स प्लॅस्टिकने झाकतो आणि तेवढ्या दिवसाला लागेल एवढीच चळत मशीनमागे ठेवतो.

मग हेड आणि रोलर यांच्यातलं अंतर. ते कमी-जास्त करायला एक छोटा दांडा असतो, आणि मला विचाराल तर मशीनमधला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. एका कागदाच्या मापावर ठेवून तीन कागद घातले तर रिबन कागदाला घासते, काळे फराटे उठतात आणि पिना अडकायची भीती. फार लांब ठेवला तर पांढरी प्रत छान दिसते आणि पिवळी वाचता येत नाही. मी माप लावतो ते पिवळ्या प्रतीवरून. वरच्या दोन काढून टाकायच्या, तिसरी उजेडात नाही, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली धरायची, आणि आठ, सहा, तीन वेगवेगळे ओळखू येतात का ते बघायचं. येत नसतील तर दांडा एक खूण जवळ. फराटे दिसले की एक खूण मागे.

नव्या लॅपटॉपला जोडणं त्या मानाने सोपं. लॅपटॉपला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबीची केबल मिळते, जिच्या दुसऱ्या टोकाला प्रिंटरचा ३६ पिनांचा रुंद जोड असतो. विंडोजमध्ये प्रिंटर म्हणून 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' निवडला. जोड काढताना-घालताना प्रिंटर बंद असावा, नाहीतर पोर्ट उडतो.

विंडोजमधला हा प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, निवडण्यात एक मोठी खुबी आहे. विंडोजला साध्या फाँटमध्ये छापू दिलं तर तो सगळं पान चित्र म्हणून पाठवतो आणि मशीन एका बिल्टीला ताटकळत ठेवतं. नुसती अक्षरं पाठवली तर प्रिंटर स्वतःच्या आतला फाँट वापरतो आणि बिल्टी झटक्यात बाहेर येते. बारीक अक्षर हवं तिथे १५ पाठवायचा, परत मोठं करायला १८. ठळक करायला २७, ६९ आणि पुरे झालं की २७, ७०. एवढे चार-पाच आकडे आमच्या काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवले आहेत.

चित्राची पद्धत मला एका ठिकाणी मात्र हवीच होती, ती म्हणजे मराठीसाठी. हमालांच्या टोळीला जी भरणीची चिठ्ठी जाते ती मराठीत असावी असा माझा आग्रह. प्रिंटरच्या आत देवनागरी नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेने कॉम्प्युटरमध्ये बसवायचं जिस्ट कार्ड काढलं होतं, त्याने कॉम्प्युटर आणि प्रिंटर या दोघांवर भारतीय लिप्या येत. ते कार्ड आमच्याकडे नाही. माझा भाचा डिप्लोमा करतो, त्याने छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो मराठी ओळीचं ठिपक्यांचं चित्र करतो आणि ते आडव्या पट्ट्या करून पाठवतो. चित्र छापताना ८ पिना वापरल्या जातात, म्हणजे एक पट्टी ८ ठिपक्यांची. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. हे सगळं ८ ठिपक्यांत मावत नाही. तीन पट्ट्या एकाखाली एक घेतल्या तेव्हा 'क्र' आणि 'र्व' नीट वाचता आले. पट्ट्या जुळण्यासाठी ओळीतलं अंतर नेमकं ८/७२ इंच करावं लागतं, त्याची आज्ञा २७, ६५, ८. ती गेली नाही तर प्रत्येक अक्षराच्या पोटातून पांढरी फट जाते आणि हेड बिघडल्याचा भास होतो. छपाई सावकाश होते, पण टोळीचा मुकादम आता चिठ्ठी स्वतः वाचतो, मला बोलावत नाही.

रोजची निगा फार नाही. सकाळी झाकण उचलून ब्रश फिरवायचा, आठवड्याला हेडचा गोल दांडा पुसायचा, रात्री मशीनवर जुनं धोतर टाकायचं. प्लॅस्टिकचं कव्हर मी टाळतो, ते स्थिर विजेने तूस ओढतं. दर सोमवारी तपासणीचं पान छापतो, त्यावर तारीख घालतो आणि फाइलला लावतो. ही पानं एकापुढे एक पाहिली की रिबन कधी उतरू लागली ते स्पष्ट दिसतं. आवाजाकडेही कान असतो. छपाईचा करकराट बदलून त्यात घरघर आली तर तो दांडा कोरडा झालाय किंवा हेड ओढणाऱ्या पट्ट्यात तूस गेलंय. मशीन अचानक मंदावलं, एका ओळीनंतर थांबू लागलं तर हेड तापलंय. त्याला थोडा वेळ द्यायचा.

आता एका पार्टीने चौथी प्रत मागितली आहे, त्यांच्या प्रोसेस हाउससाठी, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यासाठी. मी चार कागदांचा संच लावून पाहिला. साध्या छपाईत चौथी प्रत धूसर आली. २७, ७१ देऊन प्रत्येक ओळ दोनदा ठोकायला लावली तेव्हा आकडे उमटले, पण हेड लवकर तापू लागलं आणि अंतराचा दांडा चार कागदांसाठी मागे घ्यावा लागल्याने पिनांची झेप वाढली. मशीनची मर्यादा मूळ अधिक दोन प्रती एवढीच आहे, आणि हे हेड मला अजून खूप दिवस चालवायचं आहे. त्यामुळे पार्टीला नम्रपणे नाही सांगितलं. चौथी प्रत लागेल तेव्हा पांढऱ्या प्रतीची झेरॉक्स काढून तिच्यावर 'नक्कल' शिक्का मारून देतो. शिक्क्याचं पॅड प्रिंटरच्या टेबलावर ठेवायचं नाही, ते कपाटात राहतं.